मामांच्या छातीतली मुकी गाठ

दिवाळीच्या फराळाबरोबर कर्करोगाची कथा वाढावी काय, असा मला प्रश्नच पडला होता. पण गेल्या दिवाळीत इस्पितळात असलेले आमचे मामा यंदा वाघोलीच्या घरी आकाशकंदील टांगीत आहेत. तेव्हा सांगितलीच पाहिजे.

मामांचे तारुण्य दगडखाणीवर मुकादमी करण्यात गेले. जोडीला विडी होतीच. खोकला लागला तेव्हा सारे म्हणाले, "खाणीची धूळ!" मीही तेच म्हणालो. थुंकीत क्षयाचे जंतू नव्हते, तरी एका डॉक्टरांनी क्षयाच्या गोळ्या चालू केल्या. आठ महिने असेच गेले. अखेर मामींनी हट्ट धरला म्हणून सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात दोन सेंटिमीटरची गाठ दिसली. सुईने तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. खोकला कदाचित धुळीचाच असेल, कारण एवढीशी गाठ बहुधा मुकीच असते!

छाती फाडावी लागली नाही की फासळ्या फाकवाव्या लागल्या नाहीत. कुशीवर तीन लहान छेद. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारे. उजवे फुप्फुस मिटवून ठेवून श्वास डाव्यावर चालविला. तो खंड पिशवीत घालून बाहेर काढला. पाचव्या दिवशी मामा घरी!

१९३३ साली अमेरिकेत सेंट लुई येथे डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एका रोग्याचे सबंध डावे फुप्फुस काढले. कित्येक फासळ्याही काढाव्या लागल्या. तो रोगी पुढे तीस वर्षे जगला. आणि ग्रॅहॅम? सिगारेट व हा रोग यांचे नाते १९५० साली दाखवून देणाऱ्यांपैकी ते एक. पण स्वतः वर्षानुवर्षे सिगारेट ओढीत आले होते. १९५७ साली त्याच रोगाने ते गेले. कळले तेव्हा रोग दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. शस्त्राला वावच उरला नव्हता.

लहान छेदाची किमया गाठ लहान असेतोवरच. फार धूम्रपान केलेल्यांची दरवर्षी कमी किरणांच्या सीटीने तपासणी केल्यास या रोगाचे मृत्यू साध्या एक्स-रेच्या तुलनेत वीस टक्क्यांनी घटतात, असे अमेरिकेतील २०११ च्या पाहणीत आढळले.

मामा हसत म्हणतात, "प्राध्यापक, तुमचं निदान काय होतं हो? धूळ!"

मी मान खाली घालतो. मामी मात्र मुकाट्याने चकल्या तळीत असतात.