औषध पाजलं, पण जंत गेले का?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकायला वेळ मिळत नाही, वाचायला द्या, असं बरेच जण कळवतात, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे लेंड्या. शेळीच्या. जेवत असाल तर टॅब उघडा ठेवा आणि नंतर या.

माझ्या मामाचं गाव परांडा तालुक्यात. त्याच्याकडे बावीस उस्मानाबादी शेळ्या होत्या. श्रावणात आठ दिवसांत दोन गेल्या, दोघींच्या मागे पिती करडं. हगवण नाही, खोकला नाही, ताप नाही. फक्त मलूल होत गेल्या आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज. संध्याकाळी चरून आल्यावर जास्त दिसायची, सकाळी कमी. मी फोनवर म्हटलं, "मामा, जंत असतील." तो म्हणाला, "आरं, जंताचं औषध आषाढातच पाजलंय की सगळ्यांना."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. आमच्या ऑफिसात कुणी म्हणालं की "फिक्स टाकलाय", तर पुढचा प्रश्न असतो, "चेक केलंस का?" फिक्स टाकणं आणि बग जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोठ्यात हा दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही.

आधी आरोपीची ओळख. नाव हीमॉन्कस कंटॉर्टस. शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहणारा, दोन-तीन सेंटीमीटर लांबीचा जंत. मादीचं रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि पांढरं अंडाशय एकमेकांभोवती पिळलेलं असतं, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या दोरीसारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंत असले की रोजचे ५० मिली, म्हणजे जवळपास एक कटिंग. तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. रक्तातली प्रथिनं कमी झाली की पाणी ऊतींमध्ये झिरपतं, आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साठतं. तीच ती पिशवी. आणि हा जंत सहसा हगवण लावत नाही, म्हणून "शेण-लेंडी चांगली आहे, म्हणजे जंत नाहीत" हा हिशोब इथे साफ चुकतो.

पावसाळ्यातच का, तर मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून रानात पडतात. ऊब आणि ओल मिळाली की अंड्यातून अळी निघते, वाढते, आणि गवतावरच्या पाण्याच्या थरातून पोहत पात्यावर चढते. शेळीने ते पातं खाल्लं की साधारण तीन आठवड्यांत नव्या माद्या अंडी घालायला तयार. उन्हाळ्यात रान कोरडं असलं की ही साखळी बरीच तुटते. आषाढात ती पुन्हा जोडली जाते.

मी शनिवारी गावी गेलो आणि मामाला घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा औषधाचं नावही विचारलं नाही. विचारलं ते, "लेंड्या आणल्यात का?" आम्ही आणल्या होत्या, गोठ्यातून गोळा करून. त्यांनी परत पाठवलं. जमिनीवरच्या लेंडीत मातीतल्या अळ्या शिरतात, कुठल्या शेळीची लेंडी हेही कळत नाही. शिवाय उकाड्यात दिवसभरात अंडी फुटायला लागतात, मग मोजायचं काय? नमुना थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून, प्रत्येक शेळीचा वेगळा. त्याच दिवशी पोचवायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा. फ्रीझरमध्ये नाही, अंडी खराब होतात. (मामीने फ्रिजला हात लावू दिला नाही. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून नेलं.)

आता तपासणी. हिला मॅकमास्टर पद्धत म्हणतात, सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेवरून. १९३९ साली गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी ती मांडली, आणि आजही जगभर हीच चालते. मला ती भयंकर आवडली, कारण तिच्यात महागडं काही नाही. चार ग्रॅम लेंडी. मिठाचं संपृक्त पाणी ५६ मिली, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतकं खारट. लेंडी त्यात कुस्करायची, चहाच्या गाळणीने गाळायची, ढवळून ड्रॉपरने एका खास काचेत भरायची. या काचेला दोन कप्पे, प्रत्येकावर चौकट आखलेली. पाच मिनिटं थांबायचं. खारट पाणी अंड्यांपेक्षा जड, म्हणून अंडी तरंगून वरच्या काचेला चिकटतात आणि कचरा बराचसा खाली राहतो. मायक्रोस्कोप वरच्या काचेवर फोकस करायचा आणि चौकटीतली अंडी मोजायची.

मोजलेल्या आकड्याला ५० ने गुणायचं. का ५०? दोन्ही चौकटींखाली मिळून ०.३ मिली पाणी असतं. आपलं एकूण मिश्रण ६० मिली, म्हणजे त्याच्या २०० पट. लेंडी ४ ग्रॅम. २०० भागिले ४, झाले ५०. उत्तर येतं "एका ग्रॅम लेंडीत इतकी अंडी". यातच मर्यादाही कळते: एकही अंडं दिसलं नाही तर शून्यच आहे असं नाही, या काचेला दिसेल इतकं नाही, एवढंच.

मॅडमनी मला डोळा लावू दिला. पहिल्या काचेत मी तेवीस मोजली. त्यांनी पाहिलं, म्हणाल्या, "यातले नऊ हवेचे बुडबुडे आहेत." बुडबुडा अगदी गोल आणि कडेला काळा असतो. अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत तुतीच्या फळासारखा पेशींचा गोळा. मी मोबाईलचा कॅमेरा आयपीसला लावून फोटो काढले आणि पुण्यात येऊन अंडी ओळखणारं मॉडेल बनवायला बसलो. त्यानेही बुडबुडेच मोजले.

आणखी एक भानगड. हीमॉन्कसचं अंडं आणि त्याच्या भाऊबंदांची अंडी दिसायला जवळजवळ सारखीच. नक्की कोण आहे हे कळायला लेंडी उबेला आणि ओलीला आठवडा-दहा दिवस ठेवून अळ्या उबवतात आणि अळीच्या शेपटीवरून जात ओळखतात.

दोन शेळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या. त्यांना मॅडमनी तिथेच वेगळ्या गटातलं औषध दिलं, चाचणीसाठी थांबल्या नाहीत. उरलेल्यांपैकी दहा शेळ्यांच्या लेंड्या मोजल्या. काचेवरची सगळी अंडी मिळून २४०. आता यातली गंमत बघा. तीन शेळ्यांतच १६२. दोघींत शून्य. आणि सगळ्यात जास्त, ६८, म्हणजे ग्रॅमला ३४००, कुणात? चंद्रीत. कळपातली सगळ्यात गुबगुबीत शेळी, पापणी छान लालसर. मामाचा विश्वासच बसेना. पण असं होतं. काही जनावरं जंतांचा भार सोसतात, आजारी दिसत नाहीत, आणि रोज अख्ख्या रानात अंडी पेरत फिरतात. याच्या उलटही होतं: अंडी कमी आणि शेळी मरणाला टेकलेली, कारण कोवळे जंत अंडी घालायच्या आधीपासून रक्त पितात. पावसाळ्याच्या सुरुवातीला हा धोका मोठा. म्हणून नुसता आकडा नको, नुसती पापणीही नको.

पापणी बघण्याचीही पद्धत आहे, फमाचा. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्य फाफा मलान यांच्या नावातली अक्षरं आणि चार्ट मिळून हे नाव झालं. कार्डावर लाल ते पांढरा असे पाच रंग. खालची पापणी उलटून रंग जुळवायचा: १ आणि २ ठीक, ४ आणि ५ म्हणजे औषध लगेच. आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर चार्ट उघडतो. नका. प्रत्येक स्क्रीनचा लाल वेगळा, ब्राइटनेस वेगळा. छापील कार्डच लागतं, आणि तेही उन्हात फिकं पडलं की बदलायचं. शिवाय रक्त कमी व्हायला गोचीड किंवा यकृतातले जंतही कारण असू शकतात. कार्ड फक्त रक्त कमी आहे इतकंच सांगतं.

आता मूळ प्रश्न. आषाढातलं औषध का लागू पडलं नाही? मामाने सगळ्यांना एकाच मापाने पाजलं होतं, पंधरा किलोच्या पाटीला आणि पस्तीस किलोच्या शेळीला तेवढंच. मॅडमनी आधी ही शंका मिटवली. दहाही शेळ्या वजनकाट्यावर चढवल्या आणि तेच औषध वजनाप्रमाणे, शेळीसाठीच्या मात्रेत दिलं. मेंढीची मात्रा शेळीला बऱ्याचदा अपुरी पडते, कारण शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं. चौदा दिवसांनी पुन्हा मोजणी. औषध चांगलं असेल तर अंडी निदान ९५ टक्के कमी व्हायला हवीत. २४० ची झाली १५०. म्हणजे साडेसदतीस टक्के.

जंत औषधाला सरावले होते. मामा वर्षानुवर्षं एकाच गटातलं पांढरं औषध आणत होता, अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलचा गट. हे औषध जंताच्या एका प्रथिनाला चिकटून त्याला मारतं. त्या प्रथिनातला २०० व्या जागेवरचा एक घटक बदलला की औषध नीट चिकटत नाही. एका अक्षराचा बदल, आणि अख्खं रिलीज निकामी. या गटातलं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, १९६१ ला बाजारात आलं आणि हीमॉन्कसने त्याला दाद न दिल्याची नोंद १९६४ लाच झाली. तीन वर्षं!

आणि इथे मला सगळ्यात उलटं वाटलेलं. सगळ्यांना एकदम औषध पाजलं, तर मागे फक्त औषधाला न जुमानणारे जंत उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच. काही शेळ्या मुद्दाम सोडल्या, तर त्यांच्यातले साधे जंत रानात मिसळत राहतात आणि सरावलेल्यांचं प्रमाण पातळ होतं. मामा म्हणाला, "म्हंजे जंत पाळायचे?" मॅडम हसल्या, म्हणाल्या, "थोडे."

मग दुसऱ्या गटातलं औषध, पण दहापैकी पाचच शेळ्यांना: अंडी जास्त असलेल्या आणि पापणी फिकी पडत चाललेल्या. त्या पाचांत मिळून ११२ अंडी होती. चौदा दिवसांनी ४. शहाण्णव टक्क्यांच्या वर. कुठलं औषध, किती मात्रा, हे मी मुद्दाम सांगत नाहीये. तुमच्या कळपात कुठले जंत सरावलेत ते तुमच्या लेंड्याच सांगतील, माझा पॉडकास्ट नाही. नमुना घेऊन दवाखान्यात जा.

एका श्रोत्याने विचारलंय, म्हशीच्या यकृतातल्या चपट्या जंताची अंडी याच काचेत दिसतील का? नाही. ती जड असतात, मिठाच्या पाण्यात बुडतात. त्यासाठी उलटं करायचं: शेण साध्या पाण्यात कालवून गाळायचं, तळाला बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून द्यायचं, असं चार-पाच वेळा, आणि तळातला गाळ बघायचा. चाचणी सांगताना कुठल्या जंताचा संशय आहे हे डॉक्टरांना कळायला हवं ते याचसाठी. जनावर ओढ्याकाठी, पाणथळीत चरतं का, हे न विचारता सांगा, कारण हा जंत गोगलगायीतून येतो.

मामाकडे आता वीस शेळ्या आहेत. दर पंधरा दिवसांनी पापण्या बघतो, औषध दिलेल्या शेळीच्या गळ्यात हिरवी दोरी बांधतो. चंद्रीच्या गळ्यात आत्तापर्यंत दोन झाल्यात. तिसरी झाली तर बाजार दाखवायचा, असं तो म्हणतो. मामी नाही म्हणते.

पुढच्या भागात रक्तातले परजीवी: गोचिडातून येणारा थायलेरिया, आणि संकरित गाईच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून तो कसा शोधतात. भेटूच.