मोर आपल्या दारात येतो तेव्हा



गेल्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले आणि एका ताईंनी हळूच विचारलं, "मॅडम, बांधावर लांडोर मरून पडलीये. गुपचूप पुरून टाकू का? केस होईल ना?"

त्या ताईंनी औषध चोळलेलं बियाणं पेरलं होतं आणि उरलेलं बांधावरच सांडलं होतं. लांडोर कशानं मेली ते तपासणीतच कळेल. पण असं बियाणं खाऊन मोर मरतात, हे खरं आहे. मी सांगितलं, पुरू नका, वनविभागाला आपणहून कळवा. लपवलं की संशय वाढतो.

मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मारणं, पकडणं, पाळणं गुन्हा आहे. तो अंगणात रोज येत असला तरी कोंबडीसारखा आपला होत नाही.

मग आपण काय करायचं?

पेरणी : औषध लावलेलं बियाणं मातीआड नीट झाका. उरलेलं बियाणं आणि रिकाम्या पिशव्या बांधावर टाकू नका.

अंडी : पावसाळ्यात लांडोर झुडपात, गवतात जमिनीवरच साधारण चार ते सहा अंडी घालते. जवळपास महिनाभर ती उबवते. अंडी आणून खुडुक कोंबडीखाली ठेवायचा मोह टाळा. घरट्याकडे पोरं आणि कुत्री जाऊ देऊ नका.

खाणं : शिळी भाकरी, भात टाकून सवय लावू नका. माणसाला न भिणारा मोर कुत्र्याच्या तोंडी लवकर सापडतो. शेतात तो किडे, छोटे सापसुद्धा खातो.

पिसं : पावसाळा सरला की मोराची पिसं आपोआप गळतात. गळलेली घरात ठेवायला हरकत नाही, उपटायची मात्र नाहीत.

जखमी मोर दिसला तर कुत्री हाकला, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली ऐकलंय ना? चिंचेची झाडं आणि मोर यावरूनच गावाचं नाव पडलं. आज लोक मोर बघायला तिथं जातात आणि गावातल्या घरांमध्ये पाहुण्यांच्या जेवणाची, मुक्कामाची सोय होते. मोर टिकले म्हणून चार पैसेही आले.

पुढच्या बैठकीत पाच मिनिटं हा विषय घ्या. पेरणीआधी उरलेल्या बियाण्याचं काय करायचं, ते सगळ्याजणी मिळून ठरवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक