इंजिन बदलले, टायरांचे काय?

1969 मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या वाहन निर्माणीत लष्करासाठी ‘जोंगा’ गाड्या तयार होत. लिलावात त्या विकत घेणाऱ्या कित्येक हौशी मालकांनी तहानलेले पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले; टायरांचा विचार मात्र क्वचितच केला. वस्तुतः इंजिनाचा सारा जोर, आणि ब्रेकचाही, रस्त्यावर उतरतो तो प्रत्येक टायरच्या तळहाताएवढ्या पट्ट्यातून. तो घसरला की वाढीव अश्वशक्ती केवळ रबर झिजविते. लष्करी टायरांचे विरळ ठोकळे चिखलात उपकारक. ओल्या डांबरावर रबराचा स्पर्शच अपुरा पडतो. तेथे दाट नक्षीचा टायर हवा. रुंदीचा मोह आवरावा. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. टायरच्या बाजूवरील भारांक नव्या इंजिनाचे वजन पेलेल काय, हे आधी पाहावे.