एक तास, न हलता

१९९८च्या पावसाळ्यात इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात पहाटे चारची घंटा मी पहिल्यांदा ऐकली. तीन दिवस आनापान, म्हणजे नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं पाहणं. ते कसंबसं जमलं. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदनांकडे नुसतं पाहणं, मिळाली आणि पाठोपाठ अधिष्ठानाची बैठक आली. तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. विसाव्या मिनिटाला उजव्या गुडघ्यात आग पेटली आणि मी मांडी मोडली. तोवर धैर्य म्हणजे काय समजत होतो, ते त्या गुडघ्याने मला नव्याने विचारायला लावलं.

विपश्यनेची ही साधना भारतात परत आणणारे सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ साली मंडालेत झाला. ते मारवाडी व्यापारी घराण्यातले. अर्धशिशीने इतके हैराण, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल, आणि ध्यानाचे आचार्यही. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असं त्यांनी आपल्याकडे आलेल्या गोयंकांना बजावलं. हे बजावणं मला फार मोलाचं वाटतं, कारण मीही झोप येत नाही म्हणूनच गेलो होतो. १९५५मध्ये गोयंका पहिल्या शिबिराला बसले, पुढे चौदा वर्षं शिकत राहिले आणि १९६९च्या जुलैत मुंबईत त्यांनी भारतातलं पहिलं शिबिर घेतलं. साधक चौदा, त्यांत त्यांचे आई-वडीलही. मग काही वर्षं धर्मशाळा, शाळा, जिथे जागा मिळेल तिथे शिबिरं भरली. इगतपुरीचं केंद्र १९७६मध्ये सुरू झालं.

त्याच्या आधीची एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त धरून ठेवते. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात शिबिर ठरलं, तेव्हा काही कैद्यांच्या पायांत बेड्या होत्या. बेड्या घातलेल्या माणसाला मुक्तीची विद्या कशी शिकवू, असं गोयंकांचं म्हणणं होतं. सुरक्षेची काळजी खरीच होती. तरीही बेड्या निघाल्या आणि शिबिर झालं. खून केलेला माणूस डोळे मिटून स्वतःजवळ बसतो, तेव्हा त्याला समोर काय दिसत असेल? तिथून न पळणं हे माझ्या गुडघ्याहून फार मोठं धैर्य आहे. १९९४च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एका शिबिरात बसले. किरण बेदी तेव्हा कारागृहांच्या महानिरीक्षक होत्या.

पुढे मुंबईत गोराईला खांबाशिवायच्या भव्य घुमटाचा विपश्यना पॅगोडा उभा राहिला. २०१३मध्ये गोयंका गेले. शिबिरांत आजही त्यांचाच ध्वनिमुद्रित आवाज शिकवतो, आणि फी आजही नाही. ज्याचं शिबिर पूर्ण झालं त्याने पुढच्यासाठी हवं तर दान द्यावं.

माझी बैठक अजूनही मोडते. संतापही येतो, पण तो छातीत चढताना आता कळतो, एवढा फरक मात्र पडला. गेल्या वर्षी आईच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला एकटाच गेलो होतो. पाकीट हातात आलं. बाकावर बसलो, तीन श्वास पाहिले. बोटं थरथरत होती, तीही पाहिली. मग पाकीट फोडलं.