भोवऱ्याचे गोत्र
जबलपूरजवळ भेडाघाटला धुवांधारखाली नर्मदा संगमरवरी कड्यांमध्ये शिरते. तिचा वेगवान प्रवाह खडकांलगतच्या संथ पाण्याला घासून जातो आणि पाणी गरगरू लागते. हाच भोवरा. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो जुमानीत नाही. इंग्रजीत त्याला ‘व्होर्टेक्स’ म्हणतात. हा मूळचा लॅटिन शब्द ‘व्हर्टेरे’, म्हणजे वळणे, या क्रियापदापासून आला. संस्कृत ‘वृत्’ धातू त्याचाच सगोत्र असून आपला ‘आवर्त’ त्यापासूनच झाला. लॅटिनमध्ये ‘व्हर्टेक्स’ या रूपाने डोक्याचा माथाही ओळखला जाई, कारण तेथे केस वर्तुळाकार वळतात. आपणही बाळाच्या डोक्यावरील केसांच्या त्या वळणाला भोवराच म्हणतो! भयंकर डोहात आणि तान्ह्याच्या माथ्यावर दोन्ही भाषांना एकच आकृती दिसावी, हे केवढे नवल!