सूतिकाज्वर : १७९५ ते १९३६

वार पडल्यानंतर गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर सुमारे तळहाताएवढी उघडी जखम राहते, आणि तिच्या वाटेने जंतू शिरून गर्भाशयाच्या अंतःस्तराला, म्हणजे आतल्या अस्तराला, सूज आली व विकार पुढे रक्तात पसरला की बाळंतीण दोन-चार दिवसांत तापाने फणफणते. या विकाराला शास्त्रीय लेखनात सूतिकाज्वर म्हटले गेले. घरोघरी मात्र तो 'बाळंतरोग' या मोघम नावाखाली झाकला गेला.

हा ताप हवेतून नव्हे, तर प्रसूती करणाऱ्यांकडून पसरतो, असे ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच लिहिले आणि आपणही तो पसरवल्याची कबुली दिली. बॉस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये तेच मांडले. दोघांचेही फारसे कोणी ऐकले नाही.

खरा पुरावा मिळाला तो व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात. तेथील प्रसूतीच्या दोन विभागांपैकी पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ मध्ये पहिल्यातील मृत्यूचे प्रमाण ११.४ टक्के, तर दुसऱ्यातील २.८ टक्के होते, आणि हे शहरभर माहीत असल्याने पहिल्या विभागात जावे लागू नये म्हणून बायका गयावया करीत. त्याच वर्षी तेथे साहाय्यक झालेल्या इग्नाझ सेमेलवाइस यांनी एकेक कारण तपासून बाजूला सारले. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागातच अधिक होती. मरणासन्न स्त्रीकडे जाणाऱ्या पाद्र्याच्या घंटेने बाळंतिणी धास्तावतात म्हणावे, तर घंटा बंद करूनही फरक पडला नाही. मार्च १८४७ मध्ये त्यांचे सहकारी कोलेच्का शवविच्छेदनात बोटाला सुरी लागून वारले आणि त्यांच्या शरीरात बाळंतिणींसारखेच विकार आढळले, तेव्हा उलगडा झाला: विद्यार्थी प्रेताचे विष हातांवर घेऊन शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत, सुईणी शवविच्छेदन करीत नसत. मे महिन्यात क्लोरीनच्या पाण्याने आणि पुढे, स्वस्त म्हणून, क्लोरिनयुक्त चुन्याने (विहिरीत टाकतात तीच ही ब्लीचिंग पावडर) हात धुण्याची सक्ती झाली, आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले प्रमाण १८४८ या पूर्ण वर्षात सव्वा टक्क्याच्या आसपास आले. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाच्या एका रुग्णेनंतर त्याच हातांनी तपासलेल्या बारापैकी अकरा बाळंतिणी दगावल्या, तेव्हा हे विष जिवंत शरीरातूनही येते, हेही कळले.

आकडे इतके बोलके असूनही पटले थोड्यांनाच. यात वरिष्ठांचा अहंकार होताच, पण सेमेलवाइस यांचा ग्रंथ १८६१ पर्यंत रखडला आणि आला तोही कडवट भाषेत, हा दोष त्यांच्याच पदरी घालावा लागतो. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात ते वारले, तेही जखमेतून झालेल्या जंतुदोषाने.

लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये या तापाचे साखळीसारखे जंतू फळ्यावर काढून दाखवले, तरी हमखास औषध मिळायला आणखी अर्धे शतक लागले. १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी प्रोंटोसिल हे सल्फा औषध दिलेल्या पहिल्या ३८ रुग्णांपैकी तीनच दगावल्या.