हिरवळ लावण्यापूर्वी : तणनाशकाची बाटली आणि आपले आरोग्य

मृग तोंडावर आला की आमच्या माकणीत हिरवळीची हौस जागी होते. कोणाला बंगल्यासमोर, कोणाला शाळेच्या मैदानावर हरळीचे बी टाकायचे असते. मग दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, आधीचे तण औषध मारून जाळले तर काही अपाय नाही ना?"

उत्तर देण्यापूर्वी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका तरुणाला माझ्याकडे आणले. अंगणात फवारून उरलेले औषध घरच्यांनी थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवले होते. त्याने तहानेच्या भरात घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला. तोंडाची आग होत होती, एरवी तो ठणठणीत दिसत होता. "एवढ्याशा घोटासाठी सोलापूरला कशाला?" असे वडील म्हणू लागले. मी मूळ डबा आणायला लावला. त्यावर नाव होते पॅराक्वाट. त्याच गाडीने त्याला पुढे पाठवले. औषध पोटात फारसे गेले नव्हते म्हणून तो वाचला.

पॅराक्वाटवर उतारा नाही. एखादा घोटही जीव घेऊ शकतो. सुरुवातीला तोंडात व घशात जखमा आणि उलट्या होतात. पुढे काही दिवसांत मूत्रपिंडे बिघडतात, फुप्फुसे कडक होत जातात आणि श्वास कोंडतो. मधल्या काळात रोगी बरा वाटतो आणि नातेवाईक फसतात.

गंमत अशी की, या कामाला ते औषध उपयोगाचेही नाही. पॅराक्वाट फक्त वरचा हिरवा पाला जाळते. लव्हाळ्याच्या गाठी आणि कुंद्याची मुळे जमिनीत जिवंत राहतात व पावसाबरोबर पुन्हा फुटतात. ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत उतरते, पण त्याचेही भय आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' अशा गटात घातले. २०२२ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याची फवारणी फक्त कीडनियंत्रकांकडूनच व्हावी असे बंधन घातले.

मग अंगणापुरत्या जागेसाठी विष कशाला? आपले ऊन कामाला लावा. एप्रिल-मेमध्ये जमीन खणून गाठी व मुळ्या वेचा. जागा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा. खालची माती तापून तणाचे बरेच बी मरते. हे जमले नाही तर पाणी देऊन तण उगवू द्या आणि कोवळे असतानाच खुरप्याने काढा. असे दोनदा करून मगच हरळीचे बी टाका.

तरीही कोणी फवारणार असेल, तर एवढे पाळावे. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडके आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. वारा असताना फवारू नये. नोझल तोंडाने फुंकू नये. पंप ओढ्यात किंवा धरणाच्या पाण्यात धुऊ नये. फवारलेल्या जागेत मुले व जनावरे जाऊ देऊ नयेत. उरलेले औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. रिकामा डबा पाण्याला वापरू नये.

औषध पोटात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. त्याने घशाची जखम वाढते. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने धुवा. १०८ ला फोन करा आणि डबा सोबत घेऊन मोठ्या रुग्णालयात जा. रोगी बरा दिसतो म्हणून थांबू नका.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. कोनाड्यात, गोठ्यात, पलंगाखाली चिठ्ठी नसलेली एखादी बाटली आहे का, ते पाहा.